वेंडलचं मत

यातल्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवून दाखवा बघू... गावात मी पक्की खोटारडी म्हणून नावाजलेली, पण तुम्हाला सांगते, एक्कावन्न वर्षं मी मत दिलं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. का? अहो, नवरा. आमचा वेंडल. तो एका पक्षाचा, मी दुसऱ्याची. एकाच ट्रकमधून जायचं, त्यानं त्याच्यावाल्याला द्यायचं, मी माझ्यावाल्याला, आणि चर्चच्या बायका मतदानाच्या दारात डोनट विकतात ते खात घरी. त्याचं एक, माझं एक, बाकी शून्य.

मी म्हणायची, "वेंडल, दोघंही घरीच बसू की, फरक काय पडतो?" तर म्हणायचा, "म्हणजे मी बूट काढले की तू मागच्या दारानं पळणार." पळालेच असते! एका वर्षी त्याचे बूट मी कोंबड्यांच्या खुराड्यात लपवले, तर पठ्ठ्या घरातल्या सपाता घालून बर्फातून आला, शिंकत शिंकत मत दिलं, आणि वर माझ्याच डोनटचा घास घेतला.

आणि या मार्चात गेला. मेपलच्या झाडांचा रस उकळून पाक करायचे ऐन दिवस, कढई चुलीवर, आणि हा गेला... रस करपला, ती कढई अजून घासतेय मी.

मग आली गव्हर्नरची निवडणूक. आता माझं मत खोडायला कुणी नाही. एवढासा कागद, पण केवढा जड झाला म्हणून सांगू. आणि उभे कोण, तर त्याच्या पक्षाचा तो सगळे दात दाखवणारा, आणि माझ्या पक्षाचा तो, हात मिळवताना तुमच्या खांद्यावरून दुसऱ्याकडे बघणारा. दोघांनाही मी कोंबड्या राखायला ठेवणार नाही, राज्य कसलं देते? तिसऱ्या पक्षाचा एक पोरगेला मास्तर दारी आला होता, दोन तास नदीतल्या माशांवर बोलला. आवडला मला. पण आमची लेक, रोवीना, कमरेवर हात ठेवून, "आई, त्याला मत म्हणजे मत नदीत. दातवाला येईल निवडून, आणि पाप तुझ्या माथी. वाया घालवू नकोस." अगं, एक्कावन्न वर्षं काय केलं मी? त्याचं एक, माझं एक, बाकी शून्य.

तर गेले. पडद्याआड उभी. दातवाल्यावर पेन्सिल नेली, नको. दुसऱ्यावर नेली, नको. मास्तरावर नेली... आणि शेजारी बघायची सवय हो, शेजारच्या पडद्याखाली त्याचे बूट दिसतात का. नव्हते. आमच्याकडे कागदावर शेवटी एक रिकामी ओळ असते, यातलं कुणीच नको तर हवं ते नाव लिहा म्हणून. लिहिलं. काय लिहिलं ते तुम्हाला कळलंच असेल, तोंडं कशाला पाडताय?

पण मी विसरले काय, तर आमच्या गावात मतं हातानं मोजतात, आणि गावची कारकून आयरीन प्रत्येक नाव मोठ्यानं वाचते, अख्ख्या गावासमोर. दातवाला, दुसरा, दातवाला, मास्तर... मग थांबली. चष्मा पुसला. "वेंडल टकर. एक."

कुणी हसलं नाही. मी छताकडे बघत बसले. आणि थोड्या वेळानं पुन्हा, "वेंडल टकर. दोन."

दोन? मी वळून बघितलं, तर रोवीना स्वतःच्या बुटांकडे बघतेय, कान लाल. "मत वाया घालवू नकोस" म्हणणारी! मी तोंड उघडलं तर म्हणते, "तू गप्प बस, आई," आणि माझा हात धरला तो ट्रकपर्यंत सोडला नाही.

दातवाला आला निवडून, चांगला दणकून, आमच्या दोघींमुळे नव्हे. वाटेत रोवीना म्हणाली, "बाबा असते तर खूश झाले असते."

खूश? अगं, तो असता ना, तर निव्वळ माझं मत खोडायला स्वतःच्या विरोधात मत देऊन आला असता. सपाता घालून. त्याचं एक, माझं एक...

जा आता तुम्ही. मला कढई घासायचीय.