इकडे पाहू नका!

नाही, पण माझं चुकलं कुठे, तुम्हीच सांगा! मी एवढंच म्हणत होतो ना, की इकडे पाहू नका! कॅमेऱ्याकडे पाहू नका! सिनेमात कोणी पाहतं का हो? पाणी शेंदणारी बाई मधेच थांबून, पदर सारखा करून, पडद्यातून आपल्याला विचारते का, "आला का चांगला?" आमच्या बार्शीटाकळीत विचारते! परवा वच्छलाकाकू मळ्यात झेंडू तोडत होत्या, अंगावर तिरपं ऊन, कमरेला टोपली, मागे धुकं... तुम्हाला सांगतो, तिकीट काढून पाहावं असं दृश्य! मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पालथा, कोपरं चिखलात, श्वास रोखलेला, आणि काकूंना लागली चाहूल! टोपली खाली. "थांब बाप्पा, लुगडं बदलून येतो." आल्या त्या लग्नातली साडी नेसून, सोबत प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवून उभ्या, ताठ! "काकू, इकडे पाहू नका हो!" तर म्हणतात, "मंग कोनीकडं पाहू? फोटो तू काढून राह्यला का तो झेंडू काढून राह्यला?"

आता मी चार वर्षं अहमदाबादेत हेच शिकून आलो. एकच चित्र, स्थिर, पण पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे, की आत्ता काहीतरी घडून गेलंय, आणि आत्ता काहीतरी घडणार आहे! मित्र म्हणाले, "सुगत, मुंबईला चल." मी म्हटलं, नाही! माझी माणसं गावाकडे आहेत. आणि आमच्या माणसांचे फोटो असतात किती? दोन! एक आधार कार्डावर, एक हाराखाली. मधलं सगळं आयुष्य कोणी काढतच नाही हो... ते मी काढणार! असं भाषण मी घरी केलं. बाबांनी, म्हणजे किसनरावांनी, जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं भाषणं ऐकलेली, त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तलाठ्याचा फॉर्म कधी सुटून राह्यला?"

शेवटी तह झाला. कोलकात्याला एक मोठं प्रदर्शन होतं, एकच फोटो पाठवायचा, रविवारी पाचपर्यंत. निवडला गेला, तर वर्षभर तलाठी हा शब्द घरात उच्चारायचा नाही. नाही निवडला, तर... तर काय, फॉर्म!

आणि शनिवारी तो फोटो मिळाला! कोणाचा? बाबांचाच! खिडकीशी बसलेले, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, नजर लांब रस्त्यावर, अशी, जणू चाळीस वर्षांपूर्वी गेलेलं कोणीतरी आत्ता वळणावर दिसेल... मी बटण दाबलं. ते नळाची वाट पाहत होते. आठ दिवसांनी आज पाणी येणार होतं. पण फोटोत ते कुठे कळतं! मी तो काळापांढरा केला, आणि आनंद आवरेना म्हणून मोबाइलच्या स्टेटसवर टाकला. खाली एक शब्द लिहिला नाही. कला आहे ना! कलेला कशाला शब्द?

अहो, काळापांढरा फोटो, एकटा म्हातारा माणूस, खाली एक शब्द नाही... आपल्याकडे याचा अर्थ एकच होतो, हे मला अहमदाबादेत कोणी शिकवलं नव्हतं!

रविवारी सकाळी धामणगावची भागीरथाआत्या गाडीने आली, पांढरी साडी, हातात हार. मागोमाग अंजनगाव सुर्जीहून एक अख्खा ट्रक भरून नात्यातली माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. आत्याने फाटकापासूनच हंबरडा फोडला, "दादा गा!" दार उघडलं कोणी? दादांनी! आत्या रडत होती, तिला धक्का बसायला हवा होता, पण तिच्या डोळ्यांत एवढं पाणी, की तिने दाराशी कोण आहे ते न पाहताच गळ्यात पडून रडणं चालू ठेवलं! आणि बाबा? बहिणीला रडताना पाहून तेही रडायला लागले! "कोन गेलं वं बाई? सांग ना, कोन गेलं?" एका हाताने चपला शोधून राहिले, मयतीला निघायला!

आणि अंगणात चाळीस माणसं, डोळे पुसणारी, एकमेकांना धरणारी, एकही कॅमेऱ्याकडे पाहत नाही! एकही! मी कॅमेरा उचलला... तेवढ्यात आत्याने डोळे उघडले. दादा दिसला. किंचाळली. मग मी दिसलो. "थांब रे, पदर नीट करू दे!" पाच मिनिटांत तीन रांगा! मधे खुर्चीवर बाबा, आत्याने आणलेला हार त्यांच्याच गळ्यात, आणि चाळीस चेहरे सरळ माझ्याकडे! "इकडे पाहू नका!" मी ओरडलो. कोण ऐकतो!

बाबा मात्र भडकले. "जित्या मानसाले मारलं तू! तो फोटो कुठीबी पाठोशीन तं पाह्य!" आत्या म्हणाली, "जाऊ दे दादा, खोटी खबर उठली का मानसाचं आयुष्य वाढते." झालं. हे ऐकलं शेजारच्या वामनरावांनी.

दुपारी तीनला ते दारात. "सुगत, माहाबी काढ गड्या. तसाच. काळापांढरा." मी म्हटलं, "आयुष्य वाढवायचंय का?" तर म्हणाले, "आयुष्याचं काय करतो? तुह्या बापाले पाह्याले चाळीस मानसं आले. माहा पोरगा शिवम पुन्यात हाय, दोन वर्षं झाले आला नाही. थो तरी येईन."

ओट्यावर बसले. मी सांगायच्या आधीच रस्त्याकडे पाहायला लागले. तुम्हाला सांगतो, आयुष्यात असा फोटो मी काढला नाही... पाचला पाच कमी असताना कोलकात्याला पाठवला. आणि स्टेटसवरही टाकला. एक शब्द न लिहिता.

संध्याकाळी शिवमदादाचा फोन आला. वामनरावांना नाही, मला! म्हणाला, "भाऊ, काय भारी! कोणतं फिल्टर वापरलं?"

वामनराव विचारत होते, काय म्हणाला? मी म्हटलं, सुट्टी पाहून राहिला.

पंधरा दिवसांनी कोलकात्याचं पत्र आलं. फोटो तांत्रिकदृष्ट्या उत्तम, परंतु वृद्धाचा वाट पाहण्याचा अभिनय खोटा वाटतो! अभिनय! बाबांनी तलाठ्याचा फॉर्म टेबलावर ठेवला, त्यावर चष्मा ठेवला, म्हणजे उडू नये.

आणि आज सकाळी वामनराव पुन्हा फाटकाशी. केसांना तेल, इस्त्रीचा सदरा. म्हणतात, "त्या काळ्यापांढऱ्यानं काही झालं नाही गड्या... आता रंगीत काढून पाह्य."

काढला. काय करता!