यादीतलं पहिलं नाव

(इजिप्तमधल्या मल्लावीतली शनिवारची दुपार. सोमवारपासून ख्रिस्ती लोकांचा पंचावन्न दिवसांचा मोठा उपास. तिरेझच्या घरी गावातला खाटीक वहबा आलाय. समोर तिचा मुलगा बिशारा कागद घेऊन बसलाय.)

वहबा : माझं नाव काढ, एवढंच मागतोय. दुकानात मटणाला रांग लागलीय, बायकोच्या हातात सुरी देऊन आलोय.

बिशारा : वहबाकाका, पहिलं नाव तुमचंच ठेवलंय. ख्रिस्ती माणसानं ख्रिस्ती दुकानातूनच घ्यावं, अशी यादी आहे. उद्या प्रार्थना संपली की वाचायची. पाद्री अबूनांनी दोन मिनिटं दिलीत.

वहबा : अबूनांनी बघितली?

बिशारा : विषय सांगितलाय. थोडक्यात.

तिरेझ : म्हणजे सांगितलेला नाही.

बिशारा : आई, तू मध्ये पडू नकोस. यात गैर काय आहे? श्रद्धा काय फक्त चर्चच्या दारापर्यंत? बाजारात गेलं की मनगटावर गोंदलेला क्रूस झाकून घ्यायचा?

वहबा : कोण झाकतंय? सुरी धरतो त्याच मनगटावर आहे, सगळं गाव बघतं. मला एक सांग, सोमवारी तू किती किलो मटण नेणार?

बिशारा : उपासात? काहीतरीच काय.

वहबा : मंगळवारी?

बिशारा : काका...

वहबा : हे पंचावन्न दिवस. मग प्रेषितांचा उपास, मरियमचा, नाताळाआधीचा, वर बुधवार-शुक्रवार. वर्षाचे दोनशेच्या वर दिवस आपलं माणूस माझ्या दुकानाकडे ढुंकून बघत नाही. अरे, मी स्वतः बघत नाही. दिवसभर मांस तोडायचं आणि घरी येऊन मसूर खायची. मग माझी पोरं जगली कशावर?

बिशारा : आज रांग आहे म्हणालात ना.

वहबा : उद्या मांस खायचा शेवटचा दिवस, म्हणून आहे. सोमवारी ये बघायला. हाजी रगब असतील, शाळेतल्या नफीसाबाई असतील, सगळी मुसलमान. कत्तलखान्यात जनावर कापणारा त्यांचा, तोडणारा मी. बावीस वर्षं हे असं चाललंय. उद्या तू माइकवरनं सांगणार, आपलं आपल्यात. संध्याकाळच्या आत ते त्यांच्याकडे पोचणार. त्यांच्यातल्या एखाद्या बिशारानं तसंच सांगितलं, तर मी शटर ओढून बसू?

बिशारा : सांगितलं होतंच की. बाबांचं चपलांचं दुकान होतं तेव्हा. भिंतीवर कागद लावले होते, यांच्याकडून घेऊ नका म्हणून. चौदा वर्षांचा होतो मी, नखांनी खरवडून काढले. तेव्हा कुठे होते तुमचे हाजी रगब?

तिरेझ : दुकानात होते.

बिशारा : काय?

तिरेझ : त्याच आठवड्यात आले. सहा नातवंडांच्या पायांची मापं दोऱ्यानं घेऊन. ना ईद होती, ना शाळा सुरू होणार होती. सहा जोड नेले. तुझे बाबा आत येऊन रडले, म्हणून तुला कधी बोलले नाहीत.

बिशारा : मग दुकान बुडलं कशानं?

तिरेझ : कागदांमुळे काही गिऱ्हाइकं तुटली, खोटं कशाला बोलू. बाकीची आपलीच होती. ती मिन्या शहरात जायला लागली, तिथं स्वस्त मिळायचं.

बिशारा : मग तर यादी हवीच.

वहबा : वकील व्हायचास तू. चुकून शिक्षक झालास.

तिरेझ : बिशारा, ते कागद खरवडताना तुझी नखं तुटली होती. मी औषध लावलंय त्यांना. आता तूच कागद लावायला निघालायस. तुझ्या कागदावर क्रूस काढलाय, एवढाच फरक.

बिशारा : माझ्या मनात तसं नव्हतं, आई.

वहबा : ते मला ठाऊक आहे रे. म्हणून तर अबूनांकडे न जाता तुझ्याकडे आलो.

बिशारा : तुमचं एकट्याचं काढून भागायचं नाही. हा घे कागद, आई. सगळाच राहू दे. पण उद्या दोन मिनिटं मी बोलू काय?

तिरेझ : सांग, उपास मनापासून धरा. आणि ज्यांची दुकानं आहेत त्यांनी वजनात मारू नये.

वहबा : हे माझ्याकडे बघून सांगू नकोस म्हणजे झालं.

बिशारा : खरं सांगू? मलाही सुटल्यासारखं वाटतंय. लग्नाचा सूट त्या मुसलमान शिंप्याकडे, रबीअकडे शिवायला टाकलाय. यादी केल्यापासून त्याच्या गल्लीत पाय टाकला नाही.

तिरेझ : तरी म्हटलं, हा आठवडाभर लांबचा फेरा घालून घरी का येतोय.

वहबा : आजच जा त्याच्याकडे. माझं विचारशील तर चार दिवस घास उतरत नव्हता. आता भूक लागलीय. येतो ताई, बायको शिव्या घालत असेल. उपास लागला की हाजी रोज विचारतात, झेपतोय ना रे वहबा? यंदा त्यांच्या तोंडाकडे बघून सांगता येईल.