आमच्या चौकटीवरचा कोरा लाकडी पट्टा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले सरपंच श्री. वाल्देमार, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती फादर झेनोन, आणि अग्निशमन दलाच्या या सभागृहात ऑगस्टच्या उकाड्यात टाय आवळून बसलेल्या माझ्या ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून निरोपाचे चार शब्द मी बोलावेत असं ठरलं. माइक देताना सरपंच हळूच म्हणाले, "बोझेना, आज तरी गोड बोल." साहेब, गोडाचं काम माझा खसखशीचा रोल करेल. तो तिकडे टेबलावर आहे. फादर तो दर सणाला आवडीने खातात. माझ्या हातचं त्यांना चालतं, माझं घर तेवढं चालत नाही.

फादरांच्या प्रवचनाबद्दल काय बोलावं? जानेवारीत घरोघर आशीर्वाद द्यायला निघण्याआधी ते सांगायचे, देव प्रत्येकाच्या दाराशी उभा आहे, आणि जो त्याच्याकडे येईल त्याला तो कधीच हाकलणार नाही, हे त्याचं वचन आहे. माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं. मग फादर निघायचे. प्रत्येक चौकटीवर खडूने बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या नावांची आद्याक्षरं आणि नवं साल लिहायचे, आणि आमचं फाटक आलं की चाल वाढवायचे.

का, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी ल्युत्सियानबरोबर राहते, आणि त्याची लग्नाची बायको जर्मनीत गेली ती आलीच नाही. चर्चच्या लेखी आम्ही पापात राहतो. बरं, राहतो. पण त्याच घरात माझी आई, गेनोवेफा, राहते. तिने काय केलंय? दर जानेवारीत ती टेबलावर पांढरं कापड अंथरते, क्रूस ठेवते, मेणबत्त्या लावते आणि बसते. बाहेर बर्फात बूट वाजले की डोक्यावरचा रुमाल सारखा करते. बूट पुढे निघून जातात. "दमले असतील गं," म्हणते आणि मेणबत्त्या विझवते.

गेल्या जानेवारीत आशीर्वादाची फेरी संपवून परतताना फादरांची गाडी आमच्या वळणावर चरात गेली. बर्फामुळे गेली, असं आपण सगळे म्हणतो. घरोघर त्यांच्या हातात पेला कुणी दिला, ते मात्र म्हणत नाही. हसू नका, ओतणारे हात तुमचेच होते! ल्युत्सियानने ट्रॅक्टरने गाडी ओढली आणि फादरांना खांद्याला धरून आमच्या घरात आणलं. मागच्या दाराने, त्यांची लाज राहावी म्हणून. आईने गोधडी घातली, उतारा म्हणून लोणच्याच्या काकड्यांचं पाणी पाजलं. मी तोंड उघडलं तर माझ्यावरच डाफरली, "गप बस. माणूस आहे तो. वचन देवाने दिलंय, फादरने नाही."

शुद्धीवर आल्यावर फादर म्हणाले, "हे बाहेर जायला नको." आईने शब्द दिला, आमच्याकडूनही घेतला. मग भीत भीत म्हणाली, "फादर, आलाच आहात, तर दारावर तेवढा खडू..."

फादर, तुमचं उत्तर तुम्हाला आठवतं का? मला आठवतं. "आजी, लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील?" आणि आलात तसे मागच्या दाराने गेलात.

आज मी आईला दिलेला शब्द मोडला. मीही माणूसच आहे, फादर. पण तो शब्द मी तुमच्यासारखा देवाच्या नावाने नव्हता दिला.

आई आता अंथरुणातून उठत नाही. डॉक्टर म्हणतात, नाताळ बघणार नाही. सकाळी तिने मला पांढरं कापड अंथरायला लावलं. म्हटलं, "अगं आई, ऑगस्ट आहे." तर म्हणते, "उद्या जायचेत ना ते, निरोप घ्यायला येतील."

मंडळातर्फे फादरांना घड्याळ दिलंय. माझ्याकडून हा खडू. तुमच्या पुढ्यात ठेवते. पुढचं दार सताड उघडं टाकून आले आहे, ठोठावायचीही तसदी नको. आमचं घर इथून दिसतं, त्यामुळे तुम्ही गेलात तर सगळं गाव बघेल. नाही गेलात, तरी बघेल.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही अधिक-उणं बोलले असेन तर उदार मनाने पोटात घाला. आमच्या घरात माफ करायचं काम आई करते. ती आहे तोवर जाऊन या, फादर. तिच्यानंतर त्या घरात मीच असेन.