निळ्या साडीतल्या आजी हरवल्या आहेत

"...यंदा रथाच्या आरतीचा मान शेजारच्या बाईंकडे नाही, आणि त्यांना इतक्यात सांगू नका हं, कारण..." आणि नेमका मेला मिक्सर सुरू झाला! आता मला सांगा, 'कारण'पाशी कुणी मिक्सर लावतं का? तो थांबेपर्यंत टपालबाईंनी फोन ठेवून दिलेला! टपालबाई म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या, पोस्टातून रिटायर झालेल्या. आणि त्यांच्या 'शेजारच्या बाई' म्हणजे मीच! तुम्हाला सांगते, मी कुणाच्या अध्यात ना मध्यात! झरोक्याखाली स्टूल असतं ते डबे काढायला. त्यावर मी तासभर उभी होते, कारण डबा सापडत नव्हता. एवढंच!

पण अठरा वर्षं हो! उत्सवात अख्खं शहर रस्त्यावर लोटतं, दुकानं बंद, खांबाखांबावर कर्णे, गच्च्यांवर मुंगीला जागा नाही, आणि देवाचा रथ आमच्या चौकात दोन मिनिटं थांबतो, तेव्हा तबक कुणाच्या हातात? माझ्या! एरवी घरात काय किंमत आहे मला? 'चहा ठेव, चष्मा कुठाय, टीव्हीसमोरून सरक!' त्या दोन मिनिटांत मात्र आमचे हेसुद्धा हात जोडून मागे उभे! मला सांगू नका म्हणे! म्हणजे तो मान या टपालबाईनंच ढापला? दुसऱ्याच्या नावाचं पाकीट परस्पर फोडायचं! म्हटलं, थांब भवाने, तुला दाखवतेच इंगा!

उत्सवाच्या दिवशी बघते तर बाई निळी जरीची साडी नेसून, केसांत हा एवढा गजरा माळून, ठुमकत चौकाकडे! आणखी पुरावा काय हवा? मी तडक गेले चौकातल्या 'हरवले-सापडले' मंडपात. माइकवर बस डेपोतले घोषणावाले काका. मी पदर डोळ्याला लावला... "काका, आमच्या शेजारच्या आजी हरवल्यात हो!"

"वय?"

"पंचाहत्तर." (एकसष्ट आहेत. पण आता हात आखडता कशाला घ्यायचा?)

"आठवण शाबूत?"

"छे हो! स्वतःला तरुण समजतात!"

काकांनी वहीत माझी सही घेतली. आणि मग शहरभर, खांबाखांबावरून, काकांचा तो 'गाडी फलाटावर लागली आहे' म्हणणारा आवाज... "लक्ष द्या! निळी साडी, मोठा गजरा, वय वर्षे पंचाहत्तर. स्वतःचा पत्ता सांगता येत नाही. 'मी हरवलेली नाही' असे सांगतील, कृपया विश्वास ठेवू नये!" शेवटचं वाक्य माझं बरं का! मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण काम करायचं तर चोख!

दहा मिनिटांत चार स्वयंसेविका बाईंना दंडाला धरून घेऊन आल्या. "सोडा मला! चाळीस वर्षं या शहराला पत्ते शोधून दिलेत मी!" "हो हो आजी, पाणी प्या." तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. "अगं सटवे, तू?" काका गहिवरले, "ओळखलं! ओळखलं!" मंडपात टाळ्या! मी सटकायला वळले, तर काका म्हणाले, "हात सोडायचा नाही बाई. परत हरवतील. सही तुमची आहे."

मग टपालबाई माझ्या कानाशी फिस्कारल्या, "झरोक्याला कान लावून अर्धंच ऐकलंस ना? कसला मान घेऊन बसलीस? गर्दीमुळं रथ यंदा चौकात थांबणारच नाहीये! आधी कळलं असतं तर चार दिवस जेवली नसतीस, म्हणून म्हटलं सांगू नका!"

आता माझं तोंड बघायला हवं होतं तुम्ही... पण बघायला वेळ कुणाला? समोर रथ आला आणि काकांनी माइक धरला, "आठवण गेलेल्या आपल्या आजी सुखरूप सापडल्या आहेत. आरती त्यांच्याच हातून व्हावी!" दोर ओढणारे थबकले. रथ थांबला! तबक टपालबाईंच्या हातात! आणि बाई कसल्या वस्ताद... क्षणात पाठीला बाक आणला, मान डुगडुग हलवली, आवाज कापरा केला आणि माइकवरून म्हणाल्या, "देवा, माझा हात धरून उभी आहे ती बाई कोण, मला आठवत नाही. पण तिला जरा अक्कल दे रे बाबा!" सगळं शहर हळहळलं. आणि गर्दीत पहिल्या रांगेत हात जोडून कोण? आमचे हे! तेही दोन नव्हे, पंधरा मिनिटं!

मी काय करत होते? तिचं कोपर धरून उभी होते. सही माझी होती ना! म्हणजे बघा, मान माझ्याकडून गेला ही बातमी खरी निघाली. पण तो तिनं नेला हे साफ खोटं. मीच नेऊन दिला हो... वय वाढवून, माइक लावून!