चार दिवस हसत बसलो

फ्रेमवाल्याकडे माझ्यापुढे एक आजी-आजोबा उभे होते. काउंटरवर आजोबांचं तैलचित्र होतं, लेकीनं काढलेलं.

"नोकरीला जायच्या आधी पोरीनं चार दिवस समोर बसवलं मला. मी हसत बसलो आणि तिनं काढला रडवेला म्हातारा!"

"ओठ हसतायत की."

"आणि डोळ्याखाली हा निळा फराटा कसला?"

"तिला परगावी नोकरी लागल्यापासून तो होताच तिथे."

"काहीतरीच! मी तर खुशाल जा म्हणालो होतो."

"म्हणालात. पण ती तुमच्याकडे बघत होती ना."

"तरी गेलीच."

"गेली. म्हणून तर दर शनिवारी दोन बस बदलून घरी येते."

आजोबांनी चित्र काउंटरवर पुढे सरकवलं.

"काय हो फ्रेमवाले, शुक्रवारपर्यंत द्याल ना?"