अक्काने विणलेलं वॉकीटॉकीचं कव्हर

जबाब देणार: जहाजावरून उतरवलेला प्रवासी. वय चौसष्ट. धंदा: बस कंडक्टर, आता निवृत्त. राहणार: बस डेपोच्या मागची गल्ली, तळमजला, हिरवं दार.

मी समक्ष बंदर पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी आणि थोरली बहीण अक्का यांच्यासह राहतो. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. मला अक्कानेच वाढवलं. तिने लग्न केलं नाही. का नाही, ते मी कधी विचारलं नाही, आणि या प्रकरणात ते लागतही नाही. आमची एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते. जावई चांगला आहे. जरा जास्तच चांगला आहे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

जावयाने यंदा आम्हा सगळ्यांना समुद्रसफरीला आणलं. जहाज म्हणजे अख्खी वसाहत आहे. सगळे बोळ सारखे, सगळी दारं सारखी. पहिल्याच दिवशी मी भलत्याच खोलीत शिरून पलंगावर बसलो आणि आत केस पुसत असलेल्या बाईंना म्हणालो, आज बरी लवकर आंघोळ झाली. त्या प्रकाराची तक्रार झालेली नाही. समुद्रात मोबाईल लागत नाही, माणसं हरवतात, म्हणून जावयाने तीन वॉकीटॉकी आणल्या होत्या. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे, एक अक्काकडे. पत्नीने घेतली नाही. माझ्याशी बोलायचं असेल त्याने समोर यावं, असं तिचं म्हणणं.

वॉकीटॉकीच्या बाजूला बटण असतं. ते दाबून धरलं की आपण बोलायचं, सोडलं की दुसऱ्याचं ऐकायचं. एकाने बटण दाबून ठेवलं की बाकीच्यांनी नुसतं ऐकत बसायचं, त्यांचं काही चालत नाही. हे जावयाने दोनदा समजावलं. बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं, असंही शिकवलं. पत्नीकडे यंत्र नव्हतं, पण तो शब्द तिला इतका आवडला की ती जेवताना ‘मीठ इकडे द्या, ओव्हर’ म्हणू लागली. अक्का काही ओव्हर म्हणेना. बोलणं संपलं की माणूस गप्प बसतो, त्यावरून कळतं की, असं ती म्हणाली. माझा आवाज मुळातच मोठा आहे. सगळी नोकरी भरलेल्या बसमध्ये ‘पुढे सरका’ ओरडण्यात गेली. जावई म्हणाला, बाबा, तुम्हाला हे यंत्र तसं लागणार नाही. मी हसलो नाही.

आता कव्हरबद्दल. अक्का लोकर विणते. घरात जी वस्तू दिसेल तिला ती कव्हर घालते. टीव्हीचा रिमोट, मिक्सर, पाण्याची बाटली, दाराची कडी, सगळं लोकरीत आहे. आमच्याकडे कव्हर नसलेला मीच एक उरलोय, आणि थंडीत तेही खरं नाही. घटनेच्या आदल्या संध्याकाळी माझी वॉकीटॉकी हातातून निसटून जिन्यात पडली. अक्काने ती उचलली, हाताने माप घेतलं आणि रात्रीत निळ्या लोकरीचं कव्हर विणलं, वर गळ्यात अडकवायला बंद. बाजूचा तो उंचवटा धाग्याला टोचत होता म्हणून तिथे तिने दुहेरी, घट्ट पट्टी घातली. तो उंचवटा म्हणजे बटण होतं. तिच्या स्वतःच्या यंत्राला कव्हर नव्हतं, कारण लोकर संपली. लोकर संपते तेव्हा ती नेहमी माझं झाल्यावरच संपते.

आता मूळ विषय. मागच्या थंडीत मी न्हाणीघरात घसरलो. तेव्हापासून मुलीने धोशा लावला आहे की आम्ही दोघांनी तिच्याकडे राहायला यावं. तिच्याकडे एकच जादा खोली. अक्काची सोय एका वृद्धांच्या ठिकाणी बघितली होती. तिथे बाग आहे, नर्स आहे, वेळच्या वेळी जेवण आहे. हे अक्काला कुणी सांगायचं, तर मी. कधी, तर या सफरीत, मोकळ्या हवेत. मुलगी म्हणाली, बाबा, समुद्रावर माणूस समजून घेतो. मी बरं म्हणालो आणि सांगायचं टाळत राहिलो. सकाळी म्हणायचो दुपारी सांगू, दुपारी म्हणायचो तिची झोपमोड नको.

घटनेच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर मी खोलीत आडवा झालो होतो. वॉकीटॉकी नव्या कव्हरात घालून अक्काने जेवण झाल्यावरच माझ्या गळ्यात अडकवली होती. ती गप्प होती, त्यावरून मला वाटलं सगळे झोपले असतील. मुलगी आली. पत्नी खोलीत होतीच. मुलीने विचारलं, आत्याला सांगितलंत का? मी म्हणालो, नाही. त्यावरून बोलणं वाढलं. मी माझ्या नेहमीच्या आवाजात बोलत होतो.

त्याच वेळी जहाजावर लाइफबोटीची कवायत चालू होती, हे मला नंतर कळलं. जहाजाचे कर्मचारी ज्या चॅनेलवर बोलतात, नेमकं तेच आमच्या यंत्रांवर लागलं होतं. ते जावयाने मुद्दाम लावलं नाही, दुकानातून आलं तसंच होतं. बोटींच्या डेकवर त्या चॅनेलचा मोठा स्पीकर आहे. तिथे प्रवासी लाइफ जॅकेट घालून रांगेत उभे होते. त्यांना बोटीत कसं चढायचं ते ऐकू येण्याऐवजी माझ्या घरचं सगळं ऐकू गेलं. बोट खाली सोडणाऱ्याला दोर धरणाऱ्याचं ऐकू येईना, एक बोट अर्धी खाली जाऊन लटकत राहिली. बोट रिकामी होती. सुरक्षा अधिकारी चॅनेलवर मला गप्प बसायला सांगत होते, पण बटण दाबलेलं असल्यामुळे त्यांचं माझ्यापर्यंत पोचेना. जावई पोहण्याच्या तलावाकाठी होता. तो पंचा गुंडाळून पळत निघाला आणि चुकीच्या बोळात गेला.

मी काय बोललो ते साहेबांनी विचारलं म्हणून सांगतो. मी म्हणालो की, अक्का मला अजून मफलर बांधते. बिस्किटांचा डबा लपवते आणि लपवलेली जागा विसरते. मी भाजी आणली की पिशवी उलटी करून त्यातली निम्मी नावं ठेवून परत पाठवते. तिच्या कव्हरांमुळे मला माझ्याच घरात टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही. कॅप्टन हा तिकीट तपासनीसासारखा उगाच मिरवतो, असंही बोलण्याच्या ओघात निघालं. कॅप्टनबद्दलचं वाक्य मी परत घेतो. त्यानंतर मी आणखी एक-दोन घरगुती वाक्यं बोललो. त्यांचा कवायतीशी संबंध नाही.

त्यावर पत्नी रडू लागली. मुलगीही रडू लागली. तेवढ्यात दार वाजलं. सुरक्षा अधिकारी, दोन शिपाई आणि पंच्यातला जावई असे चौघे आत आले. अधिकाऱ्याने काही न बोलता माझ्या गळ्यातलं यंत्र काढून कव्हर सोलायला घेतलं. ते निघेना. अक्काची वीण आहे, निघणार कशी. शेवटी पत्नीने गाठ सोडली, तेव्हा बटण वर आलं आणि सगळ्या जहाजाचे आवाज एकदम आले.

मला पहिला विचार आला तो असा की, तिसरी वॉकीटॉकी अक्काकडे आहे.  अधिकारी मला काहीतरी विचारत होते, मी त्यांना बाजूला सारून बाहेर पळालो. त्यांना ढकललं असं तक्रारीत आहे. ढकललं नाही, पण सरका म्हणालो.

अक्का मागच्या डेकवर खुर्चीत बसली होती. मांडीवर वॉकीटॉकी, हातात सुया, लोकर नाही. आजूबाजूला लाइफ जॅकेट घातलेली बरीच माणसं उभी होती. मी गेल्यावर ती माणसं जरा मागे सरली, पण गेली नाहीत. मी विचारलं, सगळं ऐकलंस? ती म्हणाली, ऐकायला काय, अख्ख्या समुद्राने ऐकलं. मी म्हणालो, मग उठून सांगायला यायचं होतंस की बटण दाबलं गेलंय म्हणून. त्यावर ती म्हणाली, “तू काय म्हणतोस ते मला ऐकायचं होतं. समोर असते तर तू बोलला नसतास.” 

मग तिने माझ्या मागोमाग जावयासह आलेल्या मुलीला हाक मारली. म्हणाली, “मला कुठे ठेवायचं हे सगळ्यांनी ठरवलंत. मला यायचंय का, हे एकाने तरी विचारलंत?”  जावई पंचा सावरत म्हणाला की, त्याच्याकडे व्यायामाच्या सायकलीची वेगळी खोली आहे आणि खरं सांगायचं तर त्या सायकलीवर कपडे वाळत घालतात. ही खोली मुलीच्या हिशोबात धरलेलीच नव्हती. माणसं रिकामी जागा कशी विसरतात ते मी बसमध्ये पाहिलंय, मागे अर्धी गाडी रिकामी आणि दारात चेंगराचेंगरी.

तेव्हापासून जहाजावर आम्हाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. कॉफी देणारा कप ठेवताना हळूच विचारतो, मग काय ठरलं? त्या आंघोळीच्या बाईंनीही विचारलं. इथे उतरताना खुद्द कॅप्टनने विचारलं. आता हा जबाब लिहून घेताना साहेबांनीही विचारलं. तर ठरलं एवढंच की, अक्काने जावयाला त्या सायकलीची लांबी-रुंदी विचारून घेतली आहे. कव्हरासाठी. आमच्या घरात याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

कव्हर मुद्दाम घट्ट केलं का, असं विचारलं. नाही. अक्का मुद्दाम काही करत नाही, ती नुसती घट्टच करते. जे काही झालं त्याला मी जबाबदार आहे, गळ्यात माझ्या होतं. जप्त केलेल्या वस्तूंपैकी वॉकीटॉकी ठेवून घेतली तरी चालेल. कव्हर परत मिळावं ही विनंती. जहाज संध्याकाळी सुटतं, त्याआधी आम्हाला सोडावं.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. बाकावर बसलेल्या माझ्या बहिणीनेही तो ऐकला आणि हवालदारांना थांबवून सांगितलं की, त्यात एक वाक्य गाळलं आहे, ते लिहिल्याशिवाय ती इथून उठणार नाही. तिच्या सांगण्यावरून ते लिहितो. घरगुती वाक्यं बोललो असं मी जे वर म्हटलं, ती अशी: “अक्का येणार नसेल तर मीही येत नाही, मला तिच्याशिवाय झोप लागत नाही. आणि हे तिला अजिबात कळता कामा नये, शेफारेल.” हे मी बोललो, हे खरं आहे. आता मजकूर पुरा झाला, असं बहीण म्हणते. म्हणून सही करतो.