हारलेल्या पैलवानाचा डबा

(भातकुलीची तालीम, दुपारची वेळ. डोमाजी वस्ताद फावड्यानं आखाड्याची माती उकरत आहेत. आचल दारात उभी आहे.)

डोमाजी : बूट काढ आंधी. बाजार नाही हा, आखाडा हाय.

आचल : मी आत येतच नाही. अठूनच बोलते. पेपरात थे कोनी सांगतलं?

डोमाजी : काय थे?

आचल : "पोरीचं तोंड ताब्यात नाही, म्हणून मेडल गेलं." खाली तुमचं नाव. वस्ताद डोमाजी, भातकुली.

डोमाजी : मंग? अमरावतीवून पेपरवाला आला, त्यानं इचारलं, मी सांगतलं. खोटं हाय का? त्रेपन्न किलोची कुस्ती, आन तू काट्यावर तीनशे ग्राम जास्त. थे वजन काय माह्यं वाढलं होतं?

आचल : कायनं वाढलं, थे सांगतलं का त्याले?

डोमाजी : खाल्ल्यानं वाढते वजन. हवेनं वाढत नाही.

आचल : कोनाचं खाल्लं?

डोमाजी : हे पाय आचल, आपल्या हारन्याचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर नाही फोडाचं. हे नाही शिकवलं मी तुले.

मनकर्णा (डोमाजींची बायको, घरातून येत) : काहून वरडून राहिले जी? घरात आयकू येऊन राहिलं सारं. अव माय, आचल! कवा आली व तू?

डोमाजी : तू घरात जाय.

मनकर्णा : नाही जात. जातानी पोरीले सोडाले सारं गाव ढोल घेऊन गेलं, आन येतानी बडनेऱ्याच्या स्टेशनावर एकटा तिचा बाप उभा. तुमी बी गेले नाही.

डोमाजी : कायले जाऊ? कोनता पराक्रम करून आली?

आचल : काकू, तुमीच सांगा. डिंकाचे लाडू कोनी बांधून देल्ले होते मले?

मनकर्णा : म्याच. यायनं सांगतलं म्हणून. तुपाले हात आखडू नको म्हने. जितली त डबा तसाच वापस आनजो, हारली त उघडजो.

डोमाजी : रीत हाय थे या तालमीची! माह्या वस्तादापासून चालत आली. हारलेला पैलवान उपाशी झोपत नाही. आंधी त्याले खाऊ घालाचं, मंग जितलेल्याले. तू बी खाल्लं न लहानपनापासून? तवा गोड लागलं.

आचल : लागलं. शेंदूरजनाघाटच्या दंगलीत पडली, तवा तुमी सोताच्या हातानं भरवलं, याद हाय मले. पन थे दंगल होती. तठी पाठ लागली का खेळ खतम. आशियाई स्पर्धेत तसं नसते वस्ताद. जिनं आपल्याले पाडलं थे फायनलले गेली, त आपल्याले वापस बोलावतेत. कांस्यपदकासाठी, दुसऱ्या दिवशी. आन त्या दिवशी सकाळी पुन्हा वजन.

डोमाजी : मले काय मालूम तिकडची भानगड?

आचल : सांगतलं होतं म्या. फोन केला होता. म्हनलं, वस्ताद, जपानच्या पोरीनं पाडलं मले, पन थे सेमीत गेली. टीमचे सर म्हनतेत थांब, काही खाऊ नको, पानी बी पिऊ नको. तुमी काय म्हनले?

मनकर्णा : काय म्हनले जी?

आचल : मी सांगते. "हारली म्हंजे हारली. दुसऱ्याच्या जितन्याकडं डोये लावून बसनं भिकाऱ्याचं काम हाय. डबा उघड, जेव, आन फोन बंद करून झोप." मी रडत रडत सारा डबा खाल्ला. वरून पोटभर पानी पेली. रातच्याले जपानची फायनलले गेली, आन मी झोपली होती.

डोमाजी : मंग काहून आयकलं माह्यं? सर तुह्याजवळ उभा होता. मी अठी, साता समुद्रापल्याड. सराचं आयकाचं होतं!

आचल : आजपरेंत तुमचं कोनतं आयकलं नाही म्या?

मनकर्णा : बोला आता.

डोमाजी : झालं थे झालं. आता काय पाहिजे तुले माह्याजवळून?

आचल : निवड समितीवरच्या अकोल्याच्या साधना मॅडम आज नॅशनल कॅम्पची नावं पाठवून राहिल्या. सरानं रिपोर्ट देल्ला, पोरगी शिस्तीची नाही. वरून तुमचा पेपर. मॅडम म्हनल्या, तुह्या वस्तादानं सोता फोन केला त मी तुह्यं नाव कायम ठेवते. तुमी एवढंच सांगा, मी म्हनलं म्हणून तिनं खाल्लं.

डोमाजी : आन उद्या सारा जिल्हा हासन! डोमाजीले कुस्तीचा कायदा मालूम नाही म्हनतीन. कोन धाडन मंग पोरी या तालमीत?

आचल : आन मले कोन धाडन कॅम्पात?

डोमाजी : थे तुह्यं तू पाय.

मनकर्णा : वा जी वा! करून सवरून नामानिराळे. पोरीचं नाव निकालात साऱ्यायच्या खाली, त्याच्यापुढं साधा नंबर बी नाही. आन तुमाले तालमीची अब्रू पडली! द्या फोन. लाडू म्या बांधले, मीच सांगते त्या बाईले.

डोमाजी : खबरदार! फोनले हात लावला त.

आचल : राहू द्या काकू. हा घ्या तुमचा डबा. धुतला हाय. मी अठी पुन्हा येनार नाही.

डोमाजी : नको येऊ! एक पोरगी गेली त आखाडा बुजत नाही.

मनकर्णा : अव, अशी नको जाऊ व. तोंड पाय कसं सुकलं. दोन घास खाय, मंग जाय.

आचल : अठी हारल्यावर खातेत काकू. मी हारली नोती.

मनकर्णा : आयकलं का जी? पोरगी चालली.

डोमाजी : ए. थांब.

आचल : काय?

डोमाजी : दुसऱ्या दिवशी समोर कोन होती?

आचल : मंगोलियाची. मले बाहेर काढल्यावर थे कुस्ती तिले फुकटात भेटली. मंग पदकाची लढली. मी वर बसून पाह्यली.

डोमाजी : जितली?

आचल : जितली. कांस्य.

डोमाजी : कोनता पाय पुढं ठेवते?

आचल : डावा. सारा भार त्याच पायावर.

डोमाजी : दम लागल्यावर?

आचल : हात वर रायतेत. पाय तसाच मोकळा सोडते.

डोमाजी : मोकळा सोडते? आन तुह्या हाती एकेरी पट! अव, तसा पाय त तू झोपेत उचलला असता.

आचल : मले मालूम हाय, वस्ताद.

मनकर्णा : पानी देऊ का तुमाले?

डोमाजी : नको. आचल, लाव त्या बाईले फोन.

आचल : काय सांगान?

डोमाजी : लाव म्हनलं न! आन फोन देऊन तू आंगनात जाय. मी बोलत असतानी मले तुह्यं तोंड पाह्याचं नाही.